बंद होतो म्हणजे नेमकं काय होतं? लिनक्स संगणक आणि शटडाउन

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण संगणक सुरू होताना आत काय काय घडतं ते पाहिलं. त्यानंतर आमच्याकडे ज्या चिठ्ठ्या आल्या त्यांत एक तक्रार वारंवार होती. लिहिण्याची तऱ्हा निराळी, मजकूर एकच. लिनक्स सुरू होतो हो, पण बंद होत नाही. कुणाचा पडदा काळा होतो आणि पंखा घरघरत राहतो. कुणाचं चक्र फिरतच राहतं. एकांनी लिहिलंय की त्यांचा संगणक बंद होतो आणि काही सेकंदांत आपला आपणच पुन्हा सुरू होतो. 'ही भुताटकी समजायची का?' असं त्यांनी विचारलंय. भुताटकी नाही. त्याचंही कारण आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ.

हा विषय आम्ही घ्यावा याचं काहींना नवल वाटलं. तत्त्वज्ञानाच्या माणसाला पंख्या-वायरींशी काय करायचंय! पण 'संगणक बंद होत नाही' हे वाक्यच बघा. त्यातली 'बंद होणे' ही क्रिया आपण दिव्यावरून उचलली आहे. बटण दाबलं, दिवा गेला. मध्ये काही नाही. संगणकाचं तसं नाही. तिथे बंद होणं म्हणजे एकामागून एक करायची चार-पाच कामं आहेत, ती निरनिराळ्या हातांनी होतात, आणि त्यांतलं कुठलंही अडलं तरी आपण बाहेरून एकच वाक्य म्हणतो. ताप आला म्हणतो ना, तसं. मलेरियाचाही तापच आणि टॉन्सिलचाही तापच. तेव्हा 'उपाय काय' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की कुठपर्यंत बंद झाला आणि कुठे अडला?

मंगल कार्यालय रात्री रिकामं कसं होतं ते आठवा. व्यवस्थापक आधी हात जोडून सांगतो, मंडळी, आता आवरतं घ्या. बहुतेक जण उठतात. एखादा कोपऱ्यात गप्पा मारत बसलेला असतो, त्याला अखेर दंडाला धरून बाहेर काढावं लागतं. मग आचारी भांडी मोजून कोठीत ठेवतो, कोठीला कुलूप लावतो. आणि सगळ्यात शेवटी मेन स्विच. आता गंमत अशी की मेन स्विचच्या खोलीची किल्ली व्यवस्थापकाकडे नसते, ती मालकाच्या रखवालदाराकडे असते. व्यवस्थापक हाक मारतो, 'झालं रे, टाक खाली.' रखवालदाराला ती हाक कळली नाही तर कार्यालय रिकामं, भांडी कुलपात, आणि दिवे रात्रभर चालू.

आजच्या बहुतेक लिनक्समध्ये हा व्यवस्थापक म्हणजे सिस्टिमडी नावाचा प्रोग्रॅम. तो २०१० मध्ये आला, आणि त्यावरून लिनक्सच्या जगात जी भांडणं झाली ती आपल्या साहित्य संमेलनांना लाजवतील, पण तो विषय आज नको. पाहुणे म्हणजे चालू असलेले प्रोग्रॅम. भांडीकुंडी म्हणजे डिस्कवरच्या फायली. आणि रखवालदार म्हणजे फर्मवेअर, ज्याला आपण सवयीनं बायॉस म्हणतो. ते लिनक्स लिहिणाऱ्यांचं नसतं, संगणक बनवणाऱ्या कंपनीचं असतं. ही एवढी गोष्ट डोक्यात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

आता पाहुण्यांपासून सुरुवात करू. सिस्टिमडी प्रत्येक सेवेला आधी एक विनंतीवजा संदेश पाठवतो, त्याचं नाव टर्म. म्हणजे आवरून घ्या. मग वाट पाहतो. किती? नेमून दिलेलं नसेल तर ९० सेकंद. तेवढ्यात उठला नाही तर दुसरा संदेश, त्याचं नाव किल. त्यात विनंती नाही. तुमच्या पडद्यावर 'अ स्टॉप जॉब इज रनिंग फॉर' असं येऊन पुढे सेवेचं नाव आणि सेकंद मोजले जात असतील, तर तुमचा संगणक अडलेला नाही, तो कुणासाठी तरी थांबला आहे. आणि कुणासाठी, ते नाव समोरच लिहिलेलं आहे! लोक नेमकं तेच वाचत नाहीत. दीड मिनिट थांबून बघा. बहुधा बंद होतो.

इंटरनेटवर याला एक झटपट उपाय सांगतात. ९०च्या जागी ५ किंवा १० लिहून टाका. आम्हाला तो पसंत नाही. तक्रार करणाऱ्या पाहुण्याचं ऐकून न घेता सगळ्यांनाच पाच सेकंदांत बाहेर काढण्यासारखं ते आहे. एखादा डेटाबेस त्या वेळी खरोखरच हिशेब बंद करत असतो. फेडोरावाल्यांनी या मुदतीवर बरीच चर्चा केली आणि २०२३ च्या फेडोरा ३८ मध्ये ती ४५ सेकंदांवर आणली. इतकी माणसं बसून निम्म्यावर थांबली, त्याला काही कारण असेल ना? मुदत कमी करण्याऐवजी जी सेवा उठत नाही तिचं नाव पाहा आणि ती का उठत नाही ते शोधा.

इथे एक अवघड पाहुणा सांगायला हवा. त्याला किलसुद्धा लागू पडत नाही. कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा, बदामातला गर म्हणा (फौजेतला कर्नल नव्हे). त्या कर्नेलमार्फत एखादा प्रोग्रॅम डिस्ककडून किंवा नेटवर्ककडून उत्तराची वाट पाहत असेल, तर तो अशा झोपेत असू शकतो की जिच्यातून त्याला उत्तराशिवाय कुणीच उठवू शकत नाही. यादीत त्याच्यापुढे 'डी' हे अक्षर दिसतं. नेहमीचं उदाहरण म्हणजे दुसऱ्या संगणकावरचा फोल्डर आपल्याकडे जोडून घेतलेला असतो, आणि बंद होताना वाय-फाय आधी बंद पडतं, फोल्डर सोडवायचं काम नंतर येतं. पूल आधी पाडायचा आणि मग पलीकडच्या माणसांना परत बोलवायचं, तशातला प्रकार. तुमच्याकडे असा नेटवर्कवरचा फोल्डर असेल तर शटडाउन देण्याआधी तो हातानं सोडवून पाहा. तेवढ्यानं संगणक सरळ बंद झाला तर गुन्हेगार सापडला.

आता भांड्यांकडे येऊ. इथे जरा थांबतो, कारण नुकसान होतं ते इथेच.

आमच्या माहितीतलं एक वाचनालय आहे, नाव सांगत नाही. त्यांना कुणीतरी जुना संगणक देणगी दिला, त्यावर एका उत्साही मुलानं लिनक्स घालून दिलं. पुस्तकं दिल्या-घेतल्याची नोंद एका स्प्रेडशीटमध्ये, आणि ती फाइल पेनड्राइव्हवर, कारण चिटणीसांना ती घरी न्यायची असे. त्याच पेनड्राइव्हवर रोज संध्याकाळी जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पानंही कॉपी होत. रात्री साडेआठला शटडाउन दिलं की चक्र फिरत राही. शिपाईकाका पाच मिनिटं थांबत, मग भिंतीवरचं बटण बंद करून कुलूप लावत. त्यांची शेवटची बस चुकायची, त्यांना दोष कसा द्यायचा? दोन-तीन महिने हे चाललं. मग एक दिवस एका निवृत्त शिक्षकांना सांगण्यात आलं की तुमच्याकडे चार पुस्तकं थकली आहेत. त्यांनी ती परत केलेली होती. संगणक 'नाही' म्हणत होता. चारचौघांत झालं हे. गृहस्थ तीस वर्षांचे सभासद, त्यांनी अनामत परत घेतली आणि पुन्हा पायरी चढले नाहीत.

काय झालं होतं? पेनड्राइव्हवर काही कॉपी केलं की पडद्यावरची पट्टी भराभर पुढे सरकते आणि 'झालं' म्हणते. ते 'झालं' म्हणजे मजकूर संगणकाच्या मेमरीत जमा झाला, एवढंच. पेनड्राइव्हवर तो मागाहून, सवडीनं लिहिला जातो. लिनक्समध्ये असा न लिहिलेला मजकूर साधारण ३० सेकंद जुना झाला की तो लिहायला काढायचा अशी नेहमीची मांडणी असते, पण पेनड्राइव्ह मंद असेल आणि मजकूर दोन-चार गिगाबाइट असेल तर लिहायला काढलेलं पुरं व्हायला कितीतरी मिनिटं लागतात. शटडाउन दिल्यावर सिस्टिमडी पेनड्राइव्ह सोडवायला जातो आणि तिथे थांबतो, कारण अजून लिहिणं चाललेलं असतं. म्हणजे वाचनालयाचा संगणक बंद व्हायला नकार देत नव्हता. तो काम करत होता, आणि रोज रात्री त्याच्या हातातली लेखणी कुणीतरी काढून घेत होतं. स्कॅनच्या ढिगाऱ्यामागे ती छोटीशी नोंदवही रांगेत उभी असे.

तुम्ही म्हणाल, आजकाल डिस्कवर जर्नल असतं, वीज गेली तरी काही होत नाही. अर्धं खरं आहे. जर्नल असलेली फाइल-व्यवस्था, उदाहरणार्थ लिनक्सची एक्स्ट४, कपाटाचे कप्पे मोडू देत नाही. कप्प्यात ठेवायचा कागद जर अजून तुमच्या हातातच असेल तर त्याचं ती काय करणार? आणि पेनड्राइव्ह तर बहुतेकदा फॅट प्रकारचे असतात, तिथे जर्नलही नाही.

यावर उपाय साधा होता. कॉपी केल्यावर फाइल मॅनेजरमध्ये पेनड्राइव्हच्या नावापुढचं 'इजेक्ट' दाबायचं आणि 'आता काढायला हरकत नाही' असा निरोप येईपर्यंत थांबायचं. स्कॅनची कॉपी दुपारी करायची. नोंदवही संगणकाच्या डिस्कवरच ठेवायची. संगणक त्या दिवसापासून दहा-बारा सेकंदांत बंद होऊ लागला. ते शिक्षक मात्र परत आले नाहीत.

तर मंडळी, चक्र फिरत असेल तर पहिलं काम म्हणजे पडदा उघडणं. कीबोर्डवरचं एस्केप दाबा. बहुतेक ठिकाणी चित्र बाजूला होतं आणि मागची इंग्रजी वाक्यं दिसू लागतात. नाही दिसली तर संगणक सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीत 'ई' दाबून, 'लिनक्स' या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीतले 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे दोन शब्द काढा आणि कंट्रोल-एक्स दाबून पुढे जा. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरता असतो, घाबरू नका. मग शटडाउन द्या आणि मोबाइलनं पडद्याचा व्हिडिओ घ्या. हसू नका, हा सर्वात भरवशाचा पुरावा आहे. दुसऱ्या दिवशी जर्नलसीटीएल या कमांडनं, पुढे डॅश-बी आणि डॅश-एक लिहून, आदल्या खेपेची नोंद वाचता येते. ती जरूर वाचा. पण ती अगदी शेवटपर्यंतची नसते. रोजनिशी लिहिणारा हाही एक प्रोग्रॅमच आहे, आणि सगळ्यांबरोबर त्यालाही घरी पाठवलेलं असतं! शेवटच्या काही क्षणांचा साक्षीदार उरतो तो पडदा.

पाहुणे गेले, भांडी कुलपात गेली. आता सिस्टिमडी कर्नेलला शेवटची हाक देतो. या हाकेचं नाव, विचित्र वाटेल, पण 'रिबूट' असंच आहे. तिला पुरवणी आकडे द्यावे लागतात, म्हणजे कुणी चुकून हाक मारली तर कर्नेल ती मानत नाही. पहिला आकडा सोळाच्या पटीत लिहिला की इंग्रजीत 'फील डेड' असा वाचता येतो. दुसरा आकडा तसाच लिहिला की २८१२१९६९. ही लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांची जन्मतारीख, २८ डिसेंबर १९६९. संगणकाच्या शेवटच्या हाकेत कर्त्याची जन्मतारीख! असो, पुढे जाऊ.

या हाकेबरोबर काय हवं तेही सांगावं लागतं. पुन्हा सुरू व्हायचं, की वीज तोडायची, की नुसतं थांबायचं. ही तिसरी गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. 'हॉल्ट' म्हणजे काम थांबवणं. वीज चालू राहते. पडद्यावर 'सिस्टिम हॉल्टेड' असं येऊन पंखा फिरत असेल तर संगणकात काहीही बिघडलेलं नाही, तुम्ही जे सांगितलंत तेच त्यानं केलंय. सिस्टिमडीच्या जमान्यात शटडाउन या कमांडपुढे बारका 'एच' लिहिला तर वीज जाते आणि मोठा 'एच' लिहिला तर जात नाही. जुन्या पुस्तकांतून कमांड उतरवून घेणाऱ्यांनी हे जपावं. 'पॉवरऑफ' ही सरळ कमांड वापरली की घोळच नाही.

आणि पडद्यावर शेवटची ओळ 'रिबूट: पॉवर डाउन' अशी दिसत असून दिवा-पंखा चालू असेल, तर लिनक्सनं आपल्या बाजूनं हाक मारलेली आहे. अडलंय ते रखवालदाराच्या दारात, किंवा दाराच्या अगदी आधीच्या पायरीवर. या दाराविषयी थोडा इतिहास सांगायला हवा.

तुमच्यातल्या काहींना विंडोज ९५ चा तो काळा पडदा आणि नारिंगी अक्षरं आठवत असतील. आता संगणक बंद करायला हरकत नाही, असं ती सांगत. म्हणजे शेवटचं बटण माणसानं दाबायचं. त्या वेळच्या संगणकाचं बटण खरोखरचं बटण होतं, २३० व्होल्टची वायर तोडणारं. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स नावाची नवी रचना आणली, आणि तेव्हापासून डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचं बटण ही नुसती घंटी झाली. ती वाजवली की मदरबोर्डला निरोप जातो. प्लग लावलेला असेपर्यंत मदरबोर्डला थोडी वीज कायम मिळत राहते, घंटी ऐकायला कुणीतरी जागं हवं म्हणून. पॉवर सप्लायकडे एक वायर जाते, मदरबोर्डनं ती धरून ठेवली की सप्लाय चालू, सोडली की बंद. म्हणजे आता प्रोग्रॅमही वीज तोडू शकतो. फक्त त्याला ती वायर कुणाकडून सोडवून घ्यायची ते माहीत हवं.

ते कसं कळावं यासाठी आधी एपीएम नावाचा करार होता, आणि डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय नावाचा करार प्रसिद्ध केला. तोच आजही चालतो. त्यात झोपेच्या पायऱ्या आहेत. एस० म्हणजे पूर्ण जागा, एस३ म्हणजे मेमरी जिवंत ठेवून झोप, एस५ म्हणजे बंद. संगणक बनवणाऱ्यानं फर्मवेअरमध्ये एक तक्ता ठेवायचा, त्यात लिहायचं की या यंत्राला एस५ मध्ये न्यायचं तर अमुक जागी अमुक आकडा लिहा. शिवाय झोपण्यापूर्वीची तयारी म्हणून एक छोटा प्रोग्रॅमही तो देऊ शकतो. लिनक्स तो तयारीचा प्रोग्रॅम चालवतो, सांगितलेल्या जागी आकडा लिहितो, वायर सुटते, पंखा थांबतो.

यात अडचण कुठे येते ते तुमच्या लक्षात आलं असेल. तो तक्ता आणि तो तयारीचा प्रोग्रॅम लिनक्सवाल्यांनी लिहिलेला नाही. आणि लिहिणाऱ्यानं तो बहुतेकदा विंडोजवर चालवून बघितलेला असतो, लिनक्सवर बघितलेला असेलच असं नाही. फर्मवेअर विचारतं, 'तू कोण? विंडोजची अमुक आवृत्ती का?' आणि लिनक्स उत्तर देतो, 'हो'. हे खोटं आहे, पण जाणूनबुजून ठरवलेलं. खरं नाव सांगितलं तर फर्मवेअरचा असा भाग चालू होईल की जो कुणी कधी तपासलेलाच नाही, हा अनुभव आल्यामुळे. सत्य कधी बोलावं आणि केव्हा गप्प राहावं यावर आम्ही वर्गात तासन् तास घालवले आहेत. इतकं व्यवहारी उत्तर तिथे मिळालं नव्हतं.

आता दोष लिनक्सकडे की फर्मवेअरकडे हे कसं ठरवायचं? इथे मात्र आमचा जुना धंदा उपयोगी पडतो. न्यायशास्त्रात अन्वय-व्यतिरेक म्हणतात. ते असताना हे असतं, ते नसताना हे नसतं, असं दोन्ही बाजूंनी पाहायचं. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात जवळपास हीच रीत मांडली. आणि नैयायिकांचं एक गाढव आहे, तेही आठवणीत ठेवा. कुंभार गाढवावरून माती आणतो, घडा घडण्यापूर्वी गाढव तिथे होतं, म्हणून गाढव घड्याचं कारण होत नाही. 'परवा अपडेट केलं आणि तेव्हापासून बंद होत नाही' असं लोक लिहितात. अपडेट कारण असेल किंवा गाढवही असेल. ठरवायचं कसं? ग्रबच्या यादीत 'अ‍ॅडव्हान्स्ड' या नोंदीखाली जुना कर्नेल सहसा ठेवलेला असतो. त्यानं सुरू करा, मग शटडाउन द्या. नीट बंद झाला तर संशय नव्या कर्नेलवर. तसाच अडला तर अपडेटमधला निदान कर्नेल तरी सुटला.

दुसरी परीक्षा अशी. लिनक्स सुरूच करू नका. ग्रबच्या यादीवर 'सी' हे अक्षर दाबा आणि 'हॉल्ट' लिहून एंटर करा. (इथला हॉल्ट वीज तोडतो. नावांचा हा घोळ आमच्या हातात नाही.) ग्रब फार सोपस्कार न करता तक्त्यातला आकडा पाहून लिहून टाकतो. यानं संगणक बंद झाला तर आकडा बरोबर आहे, वायर बरोबर आहे, रखवालदार जागा आहे. मग लिनक्सच्या एखाद्या ड्रायव्हरवर संशय घ्या. ग्राफिक कार्ड, यूएसबीला जोडलेल्या वस्तू, वाय-फाय. एकेक काढून पाहा, एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या की परीक्षा फुकट गेली.

तिसरी परीक्षा नकळत तुम्ही रोज करताच. पुढचं बटण चार सेकंदांहून जास्त दाबून धरलं की संगणक बंद होतो. हे काम मदरबोर्ड स्वतः करतो, लिनक्सला विचारत नाही. म्हणजे त्यानं बंद होत असेल तर पॉवर सप्लाय आणि ती वायर धडधाकट आहेत. त्यानंही बंद होत नसेल तर कमांडी लिहीत बसू नका, दुकानात न्या.

फर्मवेअरवर संशय ठरला तर कंपनीनं काढलेली त्याची नवी आवृत्ती घालणं हा पहिला उपाय. आणि कर्नेलला सुरू होताना द्यायच्या सूचनांमध्ये कुणी पूर्वी 'एसीपीआय इज इक्वल टू ऑफ' असं लिहून ठेवलं आहे का तेही पाहा. दुसऱ्या कुठल्या तरी दुखण्यावर म्हणून हा शब्द घालतात आणि विसरतात. करारच रद्द केला तर रखवालदाराला हाक कशी मारणार?

आता त्या भुताटकीकडे. बंद झालेल्या संगणकातही थोडी वीज असते हे आपण पाहिलंच. कारण नेटवर्कवरून निरोप आला तर जागं व्हायचं, कीबोर्डची कळ दाबली तर जागं व्हायचं, अशा सोयी त्यात असतात. त्यांतलं कुणी खोटी हाक दिली की संगणक बंद होऊन लगेच उठतो. याचं एक नोंदलेलं उदाहरण कर्नेलच्या मजकुरातच आहे. इंटेलचे डीएच७७ईबी आणि डीएच७७डीएफ हे मदरबोर्ड बंद केल्यावर काही सेकंदांत पुन्हा सुरू होत. बंद होताना यूएसबीची दारं नव्या नियंत्रकाकडून काढून जुन्याकडे सोपवली की ते निमूट बंद राहतात असं आढळलं, आणि तशी तरतूद कर्नेलमध्ये घातली गेली. चिठ्ठी लिहिणाऱ्यांनी आधी यूएसबीतलं सगळं काढून आणि नेटवर्कची वायर सोडवून पाहावं. मग फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये 'वेक ऑन लॅन' बंद करून पाहावं. पुन्हा सांगतो, एका वेळी एकच.

एक प्रश्न समोरून आलाय, की सगळं अडलंय, रात्रीचे नऊ वाजलेत आणि घरी जायचंय, तर काय करायचं? आधी पेनड्राइव्हचा किंवा डिस्कचा दिवा लुकलुकतोय का ते बघा. लुकलुकत असेल तर थांबा, बस चुकली तरी. तो शांत असेल तर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन या कळा दाबून धरा, आणि एस, यू, ओ ही तीन अक्षरं एकेक करून, मध्ये चार-पाच सेकंद जाऊ देत दाबा. एसनं उरलेला मजकूर डिस्कवर लिहिला जातो, यूनं डिस्कवर नवं काही लिहायला मनाई होते, ओनं वीज जाते. लॅपटॉपवर बरोबर एफएन कळही लागू शकते. उबुंटूत या तिन्हींना परवानगी असते, काही वितरणांत फक्त एसला असते. तशा ठिकाणी एस दाबा, दहापर्यंत मोजा, मग पुढचं बटण चार सेकंद धरा. भिंतीवरचं बटण त्यानंतर.

आणखी कुणाचा अडला असेल त्यांनी चिठ्ठीत चार गोष्टी लिहाव्या. यंत्राचं मॉडेल, फर्मवेअरची तारीख, 'यूनेम डॅश आर' या कमांडचं उत्तर, आणि पडद्यावरची शेवटची ओळ. ती जशी दिसली तशी, आपल्या शब्दांत नको.